प्रोजेक्टरवर अक्षरं धूसर, अनुस्वार तर गायबच! (लॅपटॉप नवा, प्रोजेक्टर जुना)

शाईदौत | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे.

आमच्या गावच्या वाचनालयाच्या माडीवर मी दर रविवारी मोडीचा वर्ग घेते. पंधरा-वीस जण येतात, निम्मे निवृत्त, निम्मे कॉलेजातले. प्रोजेक्टर वाचनालयाचा, बाराएक वर्षांपूर्वी देणगीतून आलेला, छताला उलटा टांगलेला. माझ्या जुन्या लॅपटॉपशी त्याचं बरं जमायचं. गेल्या महिन्यात तो लॅपटॉप देवाघरी गेला, नवा घेतला, आणि तिथून रड सुरू झाली.

नव्या लॅपटॉपला व्हीजीएचं ते निळं भोक नाही, एचडीएमआय आहे. प्रोजेक्टरला फक्त व्हीजीए. म्हणून साडेतीनशे रुपयांचा कन्व्हर्टर आणला. चित्र येतं, पण अक्षरांच्या कडा लोकरीसारख्या. प्रत्येक उभ्या रेघेच्या उजवीकडे तिची एक फिकी जुळी बहीण. मधेच काही उभे पट्टे असे, की तिथला मजकूर आणखी गढूळ. काळा रंग राखाडी, पांढरा मळका. शिवाय चित्राच्या वर आणि खाली रिकाम्या पट्ट्या राहतात, त्या वेगळ्याच.

आज कहर झाला. एका वाड्याच्या जमाखर्चाचा कागद वाचायला घेतला होता. डावीकडे कागदाचा फोटो, उजवीकडे माझं देवनागरी लिप्यंतर. ओळ होती 'भांडे १॥'. पहिल्या रांगेतले आजोबा म्हणाले, "कसलं भाडं हो, दीड रुपया?" मी म्हटलं, भाडं नाही, भांडं. तर म्हणे, "तिथं तर भाडंच लिहिलंय." वळून पाहते तर पडद्यावर टिंबच नाही! लॅपटॉपवर ठणठणीत आहे. पुढे 'पंत'चा 'पत' झाला आणि 'दंड'चा 'दड', तेव्हा मी वर्ग आवरता घेतला.

समिती म्हणते वर्गणी काढू, नवा प्रोजेक्टर घेऊ. त्याआधी काही तपासण्यासारखं आहे का? मला सेटिंग बदलता येतं, स्क्रू ड्रायव्हर धरता येतो, त्यापलीकडे फार अपेक्षा ठेवू नका.

खडूफळा | रविवार, रात्री १०.०५

आमच्या शाळेतही हीच गत झाली होती. लॅम्प संपत आला असणार. नवा टाका, चकाचक होईल.

उगाच_एक | रविवार, रात्री १०.११

लेन्सवर कोळ्यानं जाळं केलंय का बघा आधी. हसू नका, आमच्या सोसायटीच्या गणपतीत अख्खी आरती जाळ्यातून वाचली होती.

तारजोड | रविवार, रात्री ११.२०

खडूफळा सर, लॅम्प म्हातारा झाला की चित्र अंधारतं, पिवळट पडतं. धूसर होत नाही. शाईदौतताई, लॅम्पवर एक रुपया घालवू नका.

पंचवीस वर्षं सभागृहांत माइक, स्पीकर आणि प्रोजेक्टरच्या वायरी ओढल्यात. अशा तक्रारीत पहिलं काम एकच: प्रोजेक्टरच्या रिमोटवरचं 'मेनू' दाबायचं आणि पडद्याजवळ जाऊन त्या मेनूची अक्षरं बघायची. मेनू प्रोजेक्टर स्वतः काढतो. त्याचा तुमच्या लॅपटॉपशी, कन्व्हर्टरशी, वायरीशी काही संबंध नाही. मेनू धूसर असेल तर लेन्स, फोकस, धूळ, नाहीतर उगाच_एक यांचा कोळी. मेनू कोरीव दिसत असेल तर प्रोजेक्टर निर्दोष सुटला, चोर त्याच्या अलीकडे आहे.

मेनूत 'इन्फो' किंवा 'स्टेटस' नावाचं पान असतं. तिथे येणाऱ्या सिग्नलचं रेझोल्यूशन (आडवे × उभे ठिपके) लिहिलेलं असेल, ते जसंच्या तसं इथे टाका. आणि प्रोजेक्टरचं नेटिव्ह रेझोल्यूशन, म्हणजे त्याच्या आत खरोखर किती ठिपके आहेत, ते माहितीपुस्तिकेत बघा. 'सपोर्टेड' नको, 'नेटिव्ह' हवं.

रिमोट हातात आहे तोवर कीस्टोनचा (तिरकं पडणारं चित्र चौकोनी करायची सोय) आकडाही बघून ठेवा.

शाईदौत | सोमवार, सायं. ६.५०

तारजोडकाका, आज ऑफिस सुटल्यावर किल्ली मागून वर गेले होते.

मेनू कोरीव! इतक्या जवळून कधी पाहिलाच नव्हता, एकेक ठिपका मोजता येतो. वरच्या कडेला किंचित मऊ आहे, बाकी छान. कोळी नाही. गाळणीवर मात्र धुळीची गोधडी होती, ती झटकली.

नेटिव्ह: १०२४ × ७६८.
इन्फो पानावर येणारा सिग्नल: १९२० × १०८०, ६० हर्ट्झ.
कीस्टोन: +१२. हे कुणी केलं, कधी केलं, कुणालाच माहीत नाही.

तारजोड | सोमवार, रात्री ९.१५

मिळाला पहिला चोर. अजून दोन-तीन निघतील, पण हा म्होरक्या.

तुमच्या प्रोजेक्टरच्या आत आडवे १०२४ आणि उभे ७६८ ठिपके आहेत. काच आहे ती, ताणली जात नाही. लॅपटॉप पाठवतोय १९२० × १०८०. रुंदी बसवायची तर १९२० चे १०२४ करायचे, म्हणजे दर १५ ठिपक्यांना ८ ठिपक्यांत कोंबायचं. सरळ दोनाचा एक झाला असता तरी निभावलं असतं. पंधराचे आठ करताना कुठला ठिपका अर्धा इकडे जातो, कुठला पाऊण तिकडे. उंचीतही तेच: १०८० ओळींच्या ५७६ होतात आणि उरलेल्या १९२ ओळी काळ्या राहतात. तुमच्या वरच्या-खालच्या रिकाम्या पट्ट्या त्याच. प्रोजेक्टरचा चौथा हिस्सा नुसता अंधार फेकतोय. गुणाकार करून पाहा, तुमचे साडेतीन ठिपके पडद्यावरच्या एका ठिपक्यात जातायत. लॅपटॉपवरचा अनुस्वार चार-पाच ठिपक्यांचा असला तर पडद्यावर त्याचा धूर होणारच.

आता हे करा, याच क्रमानं.

कीस्टोन शून्य. आधी हेच, कारण कीस्टोन म्हणजे प्रोजेक्टरनं चित्र आतल्या आत चिमटून पुन्हा रंगवणं. तो चालू असेपर्यंत बाकी काही जुळवलं तरी अक्षर चिमटलेलंच राहील. शून्य केल्यावर चित्राची वरची आणि खालची रुंदी सारखी दिसली नाही तर छताच्या पट्टीचे स्क्रू सैल करून प्रोजेक्टर पडद्यासमोर सरळ आणा. वरची कड मऊ दिसते म्हणालात ना, तीही त्यामुळेच असेल.

मग विंडोजची कळ आणि पी. तिथे 'डुप्लिकेट' असणार, ते 'एक्स्टेंड' करा. डुप्लिकेटमध्ये एकच चित्र दोन पडद्यांना वाटायचं असतं आणि त्यात लॅपटॉपच्या पडद्याचं ऐकलं जातं. एक्स्टेंडमध्ये प्रत्येकाला त्याच्या मापाचं मिळतं.

मग डिस्प्ले सेटिंगमध्ये दुसऱ्या पडद्यावर क्लिक करून १०२४ × ७६८. स्केल १०० टक्के.

आणि हे करून लगेच टाळ्या वाजवू नका. 'अॅडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये जाऊन दोन आकडे वाचा: 'डेस्कटॉप मोड' आणि 'अॅक्टिव्ह सिग्नल मोड'. दोन्ही १०२४ × ७६८ हवेत.

शाईदौत | मंगळवार, सायं. ७.३०

केलं. कीस्टोन शून्य, स्क्रू सैल केला, वाचनालयाच्या शिपाईमामांनी खालून "थोडं खाली, आणखी थोडं, बास" असं सांगितलं. वरची कड आता खालच्यासारखीच.

एक्स्टेंड केलं, १०२४ निवडलं. पण तुम्ही म्हणालात तसंच झालं. डेस्कटॉप मोड १०२४ × ७६८, अॅक्टिव्ह सिग्नल १९२० × १०८०. प्रोजेक्टरच्या इन्फो पानावरही १९२० च. अक्षरं आधीपेक्षा मोठी झाली, धूसरपणा तोच.

तारजोड | मंगळवार, रात्री ८.०२

म्हणजे आता दोनदा दळण चाललंय. विंडोज १०२४ चं चित्र काढतं, ग्राफिक्स कार्ड ते फुगवून १९२० करतं, प्रोजेक्टर पुन्हा दाबून १०२४ करतो. पीठ किती बारीक होईल विचार करा.

त्याच अॅडव्हान्स्ड डिस्प्लेच्या पानावर 'डिस्प्ले अॅडॅप्टर प्रॉपर्टीज' आहे. ते उघडलं की 'लिस्ट ऑल मोड्स' असं बटण दिसेल. त्या यादीतून '१०२४ बाय ७६८, ६० हर्ट्झ' ही ओळ निवडा. इथून निवडलं की सिग्नलच तसा जातो. तरी नाही ऐकलं तर ग्राफिक्सच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये स्केलिंग 'डिस्प्ले'कडे सोपवा.

पण मला खटकतंय ते वेगळंच. लॅपटॉपनं स्वतःहून १९२० का निवडलं? प्रोजेक्टर आपली ओळख सांगत असतो. व्हीजीएच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ नंबरच्या पिना त्यासाठीच आहेत. त्यावरून लॅपटॉपला 'मी अमुक कंपनीचा, माझं माप १०२४ × ७६८' असा निरोप जातो. तो निरोप तुमच्याकडे पोचत नाहीये. मग कन्व्हर्टर मधल्यामध्ये स्वतःच्या मनानं काहीतरी ठोकून देतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये दुसऱ्या पडद्याचं नाव काय दिसतं? प्रोजेक्टरच्या कंपनीचं की भलतंच?

शाईदौत | मंगळवार, रात्री ८.४०

भलतंच. कन्व्हर्टरच्या चिपचं असावं, चार अक्षरं आणि आकडे.

लिस्ट ऑल मोड्समधून निवडलं. काका!! काळ्या पट्ट्या गेल्या, पडदा पूर्ण भरला, आणि रंगसुद्धा सुधारले. काळा चक्क काळा. रंगांचं तर मी काहीच केलं नव्हतं?

ती जुळी बहीण मात्र अजून आहे. उभे पट्टेही आहेत, पण आता फक्त दोन.

राईनकाठ | मंगळवार, रात्री ११.५५

रंगांचं मी सांगतो, आमच्याकडे गणेशोत्सवात हाच घोळ झाला होता. १०८०पी दिसलं की पुष्कळ लॅपटॉप समोर टीव्ही आहे असं धरून चालतात. टीव्हीच्या पद्धतीत उजेडाच्या आकड्यांत काळा म्हणजे ० नाही, १६. पांढरा म्हणजे २५५ नाही, २३५. पुढच्याला हे कळलं नाही तर १६ चा काळा राखाडीच दिसणार. १०२४ × ७६८ हे माप टीव्हीच्या सिग्नलच्या ठरलेल्या मापांत नाही, ते कॉम्प्युटरचं. म्हणून ते निवडल्याबरोबर लॅपटॉप ० ते २५५ वर आला.

आमचा घोळ याच्या पुढचा होता. सगळं एचडीएमआय, प्रोजेक्टर फोर-के, भाड्यानं आणलेला, आणि निळ्या पार्श्वभूमीवरचं लाल 'गणपती बाप्पा मोरया' असं फिसकटलेलं, की रांगोळीवरून कुणीतरी झाडू फिरवलाय. पांढरी अक्षरं मात्र धारदार. भानगड अशी की प्रोजेक्टरचं ते पोर्ट जुन्या एचडीएमआय १.४ वर ठेवलेलं होतं. त्यात फोर-के ६० हर्ट्झला पूर्ण रंग मावत नाहीत. मग उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याला वेगळी, पण रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एक. सिनेमात हे डोळ्याला कळतही नाही. बारीक रंगीत अक्षरांत मात्र लगेच कळतं. ६० चे ३० हर्ट्झ केले आणि रंग 'आरजीबी'वर (प्रत्येक ठिपक्याला पूर्ण रंग) टाकला, मोरया झाला.

शाईदौतताईंना हे लागू नाही, पण कुणाची फक्त रंगीत अक्षरं फिसकटत असतील तर तिथे बघा.

घरचा_पडदा | बुधवार, सकाळी ७.२०

धाग्यात घुसखोरी करतोय, माफी. मी ऑनलाइन घेतलेल्या छोट्या प्रोजेक्टरच्या खोक्यावर ठळक '१०८०पी' लिहिलंय. लॅपटॉपमधून १०८०पी च पाठवतोय. तरी एक्सेलचे आकडे वाचता येत नाहीत. सिनेमा बरा दिसतो.

तारजोड | बुधवार, सकाळी ९.१०

घरचा_पडदा, खोक्यावर त्या १०८०पी च्या पुढे बारीक अक्षरात 'सपोर्टेड' आहे का बघा. असणारच. याचा अर्थ एवढाच की १०८०पी पाठवलं तर तो रुसत नाही. आतली काच ८०० × ४८० ची किंवा १२८० × ७२० ची असते. पावशेराच्या भांड्यात शेरभर दूध 'सपोर्टेड' म्हणण्यासारखं आहे हे. नेटिव्हचा आकडा शोधा, तेवढंच पाठवा. परत द्यायची मुदत उरली असेल तर तेही बघा.

तारजोड | बुधवार, सकाळी ९.३४

आता ताई, उभे पट्टे.

व्हीजीए आहे १९८७ सालचं, आयबीएमनं आणलेलं. त्यातून ठिपके जात नाहीत, प्रत्येक ओळीची एक सलग वर-खाली होणारी लाट जाते. त्या लाटेचे तुकडे पाडून ठिपके परत बनवायचं काम प्रोजेक्टरचं. १०२४ × ७६८ ला एका ओळीत दिसणारे ठिपके १०२४, पण न दिसणारा मोकळा भाग धरून एकूण १३४४. प्रोजेक्टरनं १३४४ च तुकडे पाडले तर प्रत्येक तुकडा एकेका ठिपक्यावर बरोब्बर बसतो. त्यानं चुकून १३४२ पाडले तर दोन ठिकाणी तुकडा दोन ठिपक्यांच्या सांध्यावर पडणार आणि तिथे गढूळ पट्टा दिसणार. तुम्ही दोन पट्टे म्हणालात, म्हणजे हिशेब दोनानं चुकलाय. इतकं सरळ आहे ते.

यावर रिमोटचं 'ऑटो' बटण आहेच. पण बहुतेक लोक ते काळी स्लाइड समोर असताना दाबतात आणि म्हणतात काही होत नाही. काळ्यात त्याला चित्राची कड सापडणार कशी? पेंटमध्ये १०२४ × ७६८ चा कागद घ्या. झूम करून एक काळा ठिपका, एक पांढरा, असा बुद्धिबळाचा पट कोपऱ्यात काढा, कॉपी-पेस्ट करत अख्खा कागद भरा. त्याची स्लाइड करू नका, स्लाइडमध्ये पुन्हा लहानमोठं होतं. फोटो म्हणून पूर्ण पडद्यावर उघडा आणि मग ऑटो दाबा. पडदा सगळीकडे सारखा राखाडी दिसला की जिंकलात. नाही जमलं तर मेनूत 'ट्रॅकिंग' किंवा 'क्लॉक' आहे, ते एकेक घर सरकवून पट्टे घालवा. मग शेवटी 'फेज' किंवा 'सिंक' हलवून अक्षराची थरथर थांबवा.

आणि त्या जुळ्या बहिणीचं मोजमाप हवंय मला. पांढऱ्या कागदावर एक ठिपका जाडीची उभी काळी रेघ काढा. तिच्या उजवीकडे बरोब्बर दहा ठिपक्यांवर दुसरी. मूळ रेघेची सावली या दोघींच्या मधे कुठे पडते, ते पडद्याशी नाक लावून सांगा.

उगाच_एक | बुधवार, सकाळी १०.०२

मोडी शिकायला आलेल्या आजोबांनी ताईंना पडद्याला नाक लावलेलं पाहिलं तर पुढच्या रविवारी वर्गात गर्दी दुप्पट. (हलकेच घ्या.)

शाईदौत | बुधवार, रात्री ८.१५

पट करायला अर्धा तास गेला, पण ऑटो दाबलं आणि पट्टे डोळ्यांदेखत सरकत सरकत नाहीसे झाले! शिपाईमामांना वाटलं मी काहीतरी जादू केली. फेज दोन घरं हलवली, थरथर गेली.

आता सावली. ती मूळ रेघेच्या उजवीकडे तिसऱ्या ठिपक्यावर आहे, चौथ्यावरही किंचित सांडलीय. दहाव्यापाशी काहीही नाही. वायर विचारलीत तर ती केसिंग-पट्टीतून जाते, समितीच्या वहीत '१५ मीटर' अशी नोंद सापडली.

तारजोड | बुधवार, रात्री ९.०५

वा! आता गंमत ऐका.

सावली म्हणजे प्रतिध्वनी. वायरीत जिथे जोड ढिला, जिथे जात बदलते, तिथून थोडा सिग्नल मागे फिरतो. पुन्हा दुसऱ्या टोकाला आपटून परत येतो आणि मूळ चित्राच्या मागून उशिरा पोचतो. उशिरा म्हणजे पडद्यावर उजवीकडे.

१०२४ × ७६८ ला सेकंदाला साडेसहा कोटी ठिपके जातात, म्हणजे एका ठिपक्याला साधारण १५ नॅनोसेकंद. वायरीत सिग्नल एका नॅनोसेकंदात २० सेंटिमीटरच्या आसपास जातो. १५ मीटरच्या अख्ख्या वायरीची येरझार ३० मीटरची, तिला लागतात १५० नॅनोसेकंद. तशी सावली दहाव्या ठिपक्यापाशी पडली असती, पण तिथे काही नाही म्हणता. तुमची सावली सव्वातीन ठिपक्यांवर आहे, म्हणजे ५० नॅनोसेकंद. येरझार १० मीटर, एकेरी अंतर ५ मीटर.

ती वायर सलग १५ मीटरची नाही. एका टोकापासून सुमारे ५ मीटरवर जोड आहे. केसिंग उघडून बघा. मी पैज लावायला तयार आहे.

खडूफळा | बुधवार, रात्री ९.३०

काका, नाडीपरीक्षा म्हणतात ती हीच काय?

शाईदौत | गुरुवार, रात्री ८.५०

काका, साष्टांग नमस्कार!

गावातल्या वायरमनला बोलावलं, त्यानं घोडा लावून केसिंग उघडलं. खिडकीच्या वर, लिंटेलपाशी: १० मीटरची एक वायर, तिला ५ मीटरचा तुकडा जोडलेला, वर काळी टेप गुंडाळलेली, टेप उन्हानं चिकट झालेली. तुकडा प्रोजेक्टरच्या बाजूचा. जोडाचे दोन्ही बाजूचे स्क्रू आवळलेलेच नव्हते, नुसता खोचलेला होता. बारा वर्षं!

टेप काढून दोन्ही वायरी वेगळ्या केल्या. पिना मोजल्या. वरच्या ओळीत पाच ठीक, मधल्या ओळीत चौथी नाहीच, खालच्या ओळीत दुसरी आडवी झोपलेली.

तारजोड | गुरुवार, रात्री ९.०८

मधल्या ओळीतली चौथी म्हणजे ९ नंबर. ती पुष्कळ वायरींना मुद्दामच नसते, तिच्यासाठी रडू नका. खालच्या ओळीतली दुसरी म्हणजे १२ नंबर, ओळख सांगणारी. सापडला निरोप्या, बारा वर्षं झोपला होता. जुन्या लॅपटॉपवर कुणीतरी तेव्हा हातानं १०२४ लावून दिलं असणार, म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही.

सुईनं किंवा बारीक चिमट्यानं हळूच उभी करा. एकदाच, मागेपुढे करू नका, मोडेल. पण त्याआधी सांगा, केसिंग लेक्चरच्या टेबलापासून प्रोजेक्टरपर्यंत सरळ जातं की वळसा घेतं?

शाईदौत | गुरुवार, रात्री ९.२०

वळसा. टेबलापासून भिंतीनं खिडकीपर्यंत, खिडकीला तीन बाजूंनी प्रदक्षिणा, मग वर. तिथे पूर्वी फळा होता म्हणे, तो चुकवायला.

तारजोड | गुरुवार, रात्री ९.२६

फळा आहे का आता?

शाईदौत | गुरुवार, रात्री ९.२८

नाही.

तारजोड | गुरुवार, रात्री ९.३१

मग तुकडा काढून टाका आणि १० मीटरची वायर सरळ न्या. दोरी धरून मोजा आधी. दोन्ही टोकांचे स्क्रू हातानं पुरते आवळा.

लेखणीबहाद्दर | शुक्रवार, दुपारी १.१५

अवांतर, पण मोडी आहे म्हणून लिहितो. ताई, कागदाचा फोटो तुम्हाला कुठून मिळतो? व्हॉट्सअ‍ॅपवरून आला असेल तर वाटेतच दाबला गेलेला असतो. मी कागदपत्रं 'डॉक्युमेंट' म्हणून मागवतो, फोटो म्हणून नाही. दुसरं, अख्खं पान एका स्लाइडवर घेऊ नका. पडद्याच्या उभ्या ठिपक्यांचा हिशेब मांडा: ७६८ ओळी, पानात मोडीच्या २५ ओळी, म्हणजे एका ओळीला जेमतेम ३० ठिपके. त्यात शिरोरेघ, अक्षर, वरची वेलांटी, खालचा उकार आणि दोन ओळींमधली जागा. बोरूचा बारीक फराटा एका ठिपक्याहून कमी येतो. चार-चार ओळींचे तुकडे करा. आमच्याकडे तेवढ्यानंच लोक वाचायला लागले.

शाईदौत | शुक्रवार, दुपारी २.०५

व्हॉट्सअ‍ॅपवरूनच आला होता! घरमालकांना विचारून उद्या स्वतः जाऊन दिवसाउजेडी फोटो काढते.

शाईदौत | रविवार, रात्री १०.३०

मंडळी, अहवाल.

दोरी धरली, सरळ वाट सव्वानऊ मीटर भरली. १० ची वायर पुरली. वायरमननं दोनशे रुपये घेतले, समितीचा एकूण खर्च एवढाच. कन्व्हर्टर लावल्याबरोबर दुसऱ्या पडद्याला प्रोजेक्टरच्या कंपनीचं नाव आलं आणि १०२४ × ७६८ च्या पुढे 'रेकमेंडेड' असं विंडोजनं आपणहून लिहिलं. सावली गेली. मी नाक लावून पाहिलं, खरंच गेली. सुटलेला पाच मीटरचा तुकडा गुंडाळून कपाटात ठेवलाय, वर चिठ्ठी लावून: 'हा पुन्हा जोडू नये.'

काल त्या घरी जाऊन कागदाचा नवा फोटो काढला. चार-चार ओळींच्या स्लाइड केल्या आणि आज वर्गात तीच ओळ पुन्हा लावली. अनुस्वार पडद्यावर लख्ख, 'भांडे १॥'. मी आजोबांकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

आजोबा उठून पडद्यापाशी गेले. माझ्या देवनागरीकडे त्यांनी पाहिलंच नाही, मोडीच्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, "बाई, हे टिंब शाईचं नाही. याच्या आत मागचं टेबल दिसतंय."

मोठं करून पाहिलं. कसरीनं खाल्लेलं भोक होतं. जुन्या दाबलेल्या फोटोत ते काळं टिंब दिसत होतं, मी अनुस्वार धरून मोकळी. आणि आजोबा पुढे म्हणतात, "वरच्या ओळीत बैल, खालच्या ओळीत वैरण. मधे भांडं कुठून येईल? भाडंच आहे ते, गाडीचं."

लिप्यंतर दुरुस्त केलं आहे.

उगाच_एक | रविवार, रात्री १०.४१

म्हणजे प्रोजेक्टर गेल्या रविवारी बरोबर वाचत होता!

तारजोड | रविवार, रात्री १०.४८

ताई, रिमोट कुलपात ठेवा. कीस्टोन +१२ करणारा अजून सापडलेला नाही.